अप्पांसाठी मागणी

अप्पांनी ही गोष्ट मुलाच्या आधी सुनेला सांगितली. चष्म्याचं दुकान त्यांनीच उभं केलं होतं. आता सगळा कारभार सूनच बघायची आणि अप्पा मन रमावं म्हणून मागच्या टेबलाशी येऊन बसायचे. त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा एका चष्म्याची काडी बसवत होते.

"त्या सिस्टर आहेत ना," मान वर न करता ते म्हणाले.

"हॉस्पिटलमधून रिटायर झाल्या त्या?"

"त्याच. आम्ही लग्न करावं म्हणतोय."

सुनेच्या हातातली फ्रेम हातातच राहिली. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिस्टर अधूनमधून चष्म्याची तक्रार घेऊन यायच्या आणि चष्म्याला काहीही झालेलं नसायचं, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. तरी लग्नापर्यंत तिचं मन गेलं नव्हतं. ती स्टूल ओढून अप्पांसमोर बसली.

"त्यांच्या घरी माहीत आहे?"

"मुलगा आहे, सून आहे. सिस्टरांची त्यांना सांगायची हिंमत होत नाही. आणि इथे माझी."

संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर सुनेनंच विषय काढला. तो ताडकन उठला. "ह्या वयात? नातवंडं खेळवायची सोडून?"

"नातवंडं कॉलेजात आहेत. ती खेळवून घेणार आहेत का?"

"चेष्टा नकोय मला. लोक तोंडात शेण घालतील. आणि आत्याला काय सांगायचं?"

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. घरात कुणी कुठे बसायचं, कुणी आधी जेवायचं, दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मगच नाव विचारायचं, हे सगळं आत्याच्या शिस्तीत चालायचं. तिच्यापुढे अप्पासुद्धा आवाज चढवत नसत.

"मला काय सांगायचं ते मला सांगा," आतून आवाज आला. "भिंतींना काय सांगताय?"

मग तिला सगळं सांगावंच लागलं. अप्पा दाराशी शाळकरी पोरासारखे उभे होते. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागणी घालायला कोण जाणार?"

"मागणी?" नवऱ्याला कळेचना.

"मग काय दोघं परस्पर उरकणार? घरातल्या मोठ्या माणसानं त्यांच्या दारी जाऊन विचारायचं. रीत म्हणजे रीत. ह्याच्यापेक्षा मोठी आता मी एकटीच उरलेय. मी जाईन."

रविवारी आत्या, सून आणि गाडी चालवायला म्हणून तोंड पाडून नवरा, अशी तिघं निघाली. अप्पाही कपडे करून तयार होते. आत्यानं त्यांना दारातच अडवलं. "नवऱ्या मुलानं पहिल्या बैठकीला यायचं नसतं. गप घरी बस."

सिस्टरांचा मुलगा विमा एजंट. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आलंय. त्यानं लगबगीनं पंखा लावला, माहितीपत्रकं पुढ्यात ठेवली. "पॉलिसी कुणाच्या नावानं काढायची?"

"पॉलिसी नको," आत्या म्हणाली. "तुमच्या आईला मागणी घालायला आलोय. माझ्या धाकट्या भावासाठी."

तो लालबुंद झाला. "हा काय तमाशा आहे? आई सत्तरीला आली. आजी, तुम्ही तर जुन्या वळणाच्या दिसता. तुम्हाला तरी हे पटतं?"

"जुन्या वळणाची आहे म्हणून तर आले. नाहीतर फोन केला असता." आत्यानं पदर सारखा केला. "मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा वीस वर्षांचीही नव्हते. एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन मला मागायला आले होते. आमच्या वडिलांनी पाणीसुद्धा न विचारता त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी काही विचारलंच नाही. तुझं घर आहे बाबा, तू नाही म्हण. पण आधी आईला बाहेर बोलाव, तिला विचार. मग आम्ही उठू."

हे नवऱ्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. तो आत्याकडे बघतच राहिला. एजंट माहितीपत्रकं गोळा करू लागला. त्याची बायको मात्र पाण्याचे पेले घेऊन आली आणि ते ठेवता ठेवता तिनं हाक मारली, "आई, बाहेर या."

सिस्टर आल्या. केस पांढरेशुभ्र, पण वॉर्डात उभं राहावं तशा ताठ. सगळं त्यांनी आतून ऐकलंच होतं.

"माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हे घर सोडणार नाही. शेजारपाजारचे लोक सकाळी इंजेक्शनला, ड्रेसिंगला येतात. त्यांना टाकून कुठे जाऊ? यायचं तर ह्यांच्या भावानं इकडे यायला हवं."

आत्या पुढे सरकून बसली. "म्हणजे नवरा मुलगा सासरी नांदायला येणार?"

एजंटाला एकदम हसूच फुटलं. मग त्याचा चेहरा उतरला. "आई, निदान मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

 त्यानं हातातली माहितीपत्रकं खाली ठेवली आणि त्याच्यातला एजंट बोलला, "त्यांना बीपी, शुगर काही?"

"बीपी आहे," सुनेनं खरं ते सांगितलं. "गोळ्या वेळेवर घेत नाहीत."

"घेतील," सिस्टर म्हणाल्या.

जिना उतरताना नवऱ्यानं आत्याचा हात धरला होता. "कोण होते गं ते गृहस्थ?" त्यानं हळूच विचारलं.

"शाळेत शिकवायचे. त्यांचा आवाज तेवढा ऐकला मी, चेहरा नाही बघितला." ती एक पायरी थांबली. "सासरी नांदणं वाईट नसतं रे. माणसं बरी हवीत. अप्पाला सांग, जायचंय तर आनंदानं जा म्हणावं."

लग्न सरकारी कचेरीत झालं. चुलत घराण्यातल्यांनी येणंजाणं बंद केलं. नवऱ्यानं त्यांना दोनदा फोन केला, मग नाद सोडला. अप्पा निघाले त्या दिवशी त्यांची बॅग त्यानंच गाडीत ठेवली. अप्पा आत्याच्या पाया पडले तेव्हा सुनेला रडू आवरेना.

"मी माहेर सोडताना इतकी रडले नव्हते," ती म्हणाली.

आता अप्पा रोज दुकानात येतात. दुपार कलली की उठायची घाई करतात. सून म्हणते, "थांबा ना, आज रात्री घरी जेवूनच जा." तेव्हा ते फोन काढतात आणि गल्ल्यापासून जरा लांब, दाराशी जाऊन सिस्टरांना विचारून घेतात.