कावळ्याचा वाटा

विमलबाईंच्या दहाव्याला कुंडलिकेच्या काठी कावळा शिवेना. पिंड मांडून तास उलटला, भात उन्हाने कडक होत आला. समोरच्या झाडावर कावळा होता एकच, तोही पाठमोरा. शरदने एकामागून एक शब्द दिले. रोह्याचं घर विकणार नाही, कुळाचार मोडणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी त्याने खिशातली तंबाखूची पुडी काढली, नदीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आई, ही सोडली." पुडी पाण्यात पडली. वळून पाहतो तर कावळा पिंडावर.

सगळ्यांनी हात जोडले. आई तोंडाच्या कॅन्सरने गेली होती, जन्मभराच्या मशेरीपायी. शेवटचे चार महिने नळीतून जेवली. तिला दुसरं काय हवं असणार?

शरद पेणला रामवाडीत राहायचा, शाळेत गणित शिकवायचा. डॉक्टरांनी त्याच्या गालातला पांढरा चट्टा दाखवून ठेवला होता. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, त्याची दोनच जात होती. आज सोडलीत तर इथवरच थांबेल, नाहीतर आईची वाट ठरलेली, इतकं स्पष्ट सांगितलं होतं.

एकोणीस दिवस त्याने शब्द पाळला. विसाव्या दिवशी शाळा सुटल्यावर टपरीवरून पुडी घेतली. घरी खिडकीशी उभा राहून तंबाखूला चुना लावला, अंगठ्याने मळू लागला, तर ग्रीलवर कावळा येऊन बसला. ओरडला नाही. तळहाताकडे बघत राहिला. शरदने तंबाखू मोरीत टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीवर तो होताच. तिसऱ्या दिवशी शरदने न्हाणीघराची खिडकी लावून घेतली, तेव्हा काचेवर चोच वाजली. तीनदा. त्याला घाम फुटला, आणि बरंही वाटलं. आई राखण करत होती. पुढे पुढे तो पुडी मुद्दाम बाहेर काढू लागला, ती येते का बघायला. येत होती.

मग एका रविवारी घर झाडून घ्यायला तो रोह्याला गेला. आईकडे तीस वर्षं काम केलेली सरू मदतीला आली होती. आई असताना दुपारी मागच्या पायरीवर बसून दोघी मशेरी लावायच्या. शरदने तिला कावळ्याचं सांगितलं. सरूच्या हातातला झाडू थांबला.

"शरददादा, रागवू नका. दहाव्याला तुम्ही नदीकडं तोंड केलंत ना, तवा मी पिंडाच्या पत्रावळीत चिमूटभर मशेरी ठेवली."

"का?"

"बाईंना शेवटी बोलता येत नव्हतं. मला बघून दातांवरून बोट फिरवायच्या. डाक्तर नको म्हणलेला, मी दिली नाय. ते मनाला लागून राहिलेलं."

"म्हणजे कावळा माझ्या शब्दाला शिवला नाही?"

"नाय दादा. मशेरीला शिवला."

सरू गेल्यावर शरद मागच्या दारात बसून राहिला. तीन वाजले होते. इतके दिवस आई त्याला अडवायला येत नव्हती. मागायला येत होती.

म्हणजे राखायला कोणीच नव्हतं. हात आपोआप खिशात गेला. पुडी, डबी, चुना. अंगठा फिरू लागला.

कावळा पायरीवर उतरला. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. चोच अर्धवट उघडी होती. तो ती मिटतही नव्हता आणि आणखी उघडतही नव्हता. शेवटी शेवटी आईचं तोंड असंच राहायचं.

तंबाखू दोघांना पुरेल एवढी होती. तेवढं एकदा दिलं तर ती सुटेल, असं शरदच्या मनात आलं. तिच्याबरोबर आपणही एकदाच घ्यावी, हे त्याच्या मागोमाग आलं. तेव्हा त्याने मूठ मिटली.

"नाही, आई. मला नाही आणि तुलाही नाही."

उठून त्याने नळ सोडला आणि चुन्याचा चिकटपणा जाईपर्यंत हात धुतले. उरलेली पुडी पाण्याखाली धरली, पार लगदा होईपर्यंत. मागे वळला.

कावळा गेला नव्हता. पायरीच्या दगडावर तो चोच घासत होता. सावकाश, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. आई मशेरी लावायची तशी.

शरद त्याच्यासमोर बसला. दार त्याने उघडंच ठेवलं.