दोनशेच्या पुढे

दिवा लागला नाही. दमयंतीनं कॉलेजच्या लॅबमधल्या मायक्रोप्रोसेसर किटवरचं रीसेटचं बटण दाबलं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि डिस्प्लेवर डोळे रोखले. शून्यापासून तीन-तीननं वाढत आकडा शंभराला पोचला की दिवा लागायला हवा होता. आकडा शंभरावरून पुढे निघून गेला. दिवा तसाच विझलेला.

साळवी सरांनी तिची वही ओढून घेतली. पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं.

"इथे तू काय विचारतेयस? आकडा शंभर झाला का, एवढंच. तीन-तीननं मोजताना नव्व्याण्णवनंतर एकशे दोन येतात. शंभर येतच नाहीत. मग प्रोसेसर कशाला दिवा लावेल? 'शंभर किंवा जास्त' असं विचारायला हवं."

टेबलाभोवतीची बाकीची तिघं हसली. दमयंती हसली नाही. तिचा हात किटवरच राहिला होता.

"सर, बर्फाच्या कारखान्यातला प्रोग्रॅमही मी असाच लिहिलाय."

सरांनी चष्मा काढला. मिरकरवाड्याच्या कारखान्यात तिचे वडील आत्माराम कॉम्प्रेसर सांभाळत. अमोनियाचा दाब दोनशेला पोचला की घंटा वाजावी म्हणून मालकानं एक किट मुंबईहून आणवलं होतं, आणि दमयंतीनं तीन आठवड्यांपूर्वी त्यात प्रोग्रॅम घातला होता. कॉलेजात कौतुक झालं होतं.

"पण तू तपासला होतास ना?"

"मालकांसमोर. खऱ्या दाबाऐवजी किटचा नॉब हळूहळू फिरवून. एकशे नव्व्याण्णव, दोनशे... वाजली होती. खरा दाब एकदम चढला तर दोनशेवर थांबणारच नाही, सर."

सरांनी ऑफिसातून कारखान्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. सरांनी रिसीव्हर ठेवायच्या आत दमयंती पायऱ्या उतरली होती.

रिक्षात ती पुढच्या दांडीला धरून बसली. एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. पूर्वी दाबाच्या काट्यासमोर दोघं आळीपाळीनं बसत, बाबा आणि बाबल्याकाका. घंटा आल्यावर मालकानं बाबल्याकाकांना धक्क्यावर बर्फ ओढायला पाठवलं. "आता यंत्र बघतंय की," तो म्हणाला होता. तेव्हा तिला अभिमान वाटला होता. दोन वर्षांपूर्वी अमोनियाची गळती झाली, तेव्हा बाबांचे डोळे आठवडाभर सुजलेले होते, आणि ती गळती लहान होती.

कारखान्याच्या दारातून कॉम्प्रेसरची घरघर नेहमीसारखी येत होती. ती आत शिरली. आत्माराम भिंतीला टेकून स्टुलावर बसला होता. मान छातीवर, तोंड किंचित उघडं. कामावर झोपलेलं बाबांना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

काटा दोनशे पंधरावर थरथरत होता. किटवरचे लाल आकडेही दोनशे पंधरा दाखवत होते. घंटा गप्प होती.

तिनं धावत जाऊन मुख्य खटका खाली ओढला.

घरघर थांबली आणि त्या शांततेनं आत्माराम दचकून उठला.

"कोणी बंद केलान?"

"मी. बाबा, काटा बघा."

त्यानं पाहिलं. मग मागच्या बाजूला धावला. तापलेला वायू थंड करणारा गार पाण्याचा पंप बंद पडला होता. तो परत येईपर्यंत काटा सावकाश खाली सरकू लागला होता.

"वाजली नाय काय गो घंटा?" त्यानं विचारलं.

"नाही वाजली. माझं चुकलं."

खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं तोंड पुसलं.

"मालकाला सांगतो, माझा डोळा लागला म्हणून. तू हय आलीसच नाय."

दमयंतीनं नकारार्थी मान हलवली. ती किटसमोर बसली. दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. मेमरीतल्या एका पत्त्यावर CA होतं, म्हणजे 'बरोबर दोनशे'; तिथे तिनं D2 घातलं, म्हणजे 'दोनशे किंवा जास्त'. बदल एवढाच होता. मग नॉब झटक्यात फिरवून आकडा एकशे ऐंशीवरून थेट दोनशे तीसवर नेला. घंटा एवढ्या जोरात वाजली की दोघंही मागे सरली.

आवाज ऐकून मालक आला. दमयंतीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चूक कुठे होती तेही.

"आता नीट चालतंय ना?" मालकानं विचारलं.

"चालतंय. पण बाबल्याकाकांना परत काट्यासमोर बसवा."

"अगो, यंत्र तुझं, आणि तुझाच विश्वास नाय त्याच्यावर?"

"माझं आहे म्हणूनच."

मालकानं कॉम्प्रेसरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. खिशातून सुपारी काढून तो ती चाचपत राहिला.

"बघू," तो म्हणाला. "महिनाअखेर बघू."

वीस वर्षांत आत्मारामनं मालकासमोर आपणहून तोंड उघडलं नव्हतं. आता त्यानं मालकाच्या शेजारून वाट काढली, दारात उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन धक्क्याच्या दिशेनं हाक मारली,

"बाबल्याऽ! ये रे हय!"

मग तो तिथेच उभा राहिला, मालकाकडे पाठ करून.