तुरीवरची राखण

“हात नका लावू बाई. डोकं आपटतंय ते,” सिद्धम्मा म्हणाली.

वळसंगच्या रानात भरदुपारी वारा पडला होता. तुरीच्या शेंड्यावर एक हिरवी अळी मागच्या पायांवर ताठ उभी होती. तिच्याखाली पांढऱ्या कोशांचा पुंजका. बुद्धप्रियाने पेन्सिलीचं टोक जवळ नेलं, तशी अळीने डोकं फिरवून त्यावर हाणलं. पेन्सिल मागे घेतली तरी ती झुलतच राहिली. शेजारच्या कोवळ्या पानाला तिने तोंडही लावलेलं नव्हतं.

बुद्धप्रिया सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. परजीवी गांधीलमाश्यांच्या अभ्यासात तिचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. मागच्या खेपेला याच रानातून नेलेल्या कोशांतून मुंगीएवढ्या काळ्या माश्या निघाल्या, पण सगळे नर. मादीची अंडी घालायची नळी पाहिल्याशिवाय प्रजाती कोणती, ते ठरत नव्हतं. आज ती परत आली, तर सिद्धम्माच्या मुलाने सगळं रान फवारून टाकलेलं. एवढं एकच झाड सिद्धम्माने फवारू दिलं नव्हतं.

“हेच का ठेवलंत मावशी?”

“लेकरं राखतीय ती. आईवर औषध कसं मारू देऊ?”

बुद्धप्रिया वर्गात बोलावं तशी बोलून गेली, “लेकरं तिची नाहीत मावशी. माशी हिच्या अंगात अंडी घालते. पिल्लं हिला आतून खातात, कातडी फोडून बाहेर येतात आणि कोश विणतात. ही आता मेल्यातच जमा. तरी जीव जाईपर्यंत त्यांचीच राखण करते.”

बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली होती, तिच्यातलं बाळ कुरकुरलं. सिद्धम्मा तिकडे गेली. झोका देत पाठमोरीच म्हणाली, “माझी लेक रुपाली ह्याच्या बाळंतपणात गेली. आईला खाऊन आलंय म्हणतंय गाव. बारशाला कुणी आलं न्हाय.”

“मला ठाऊक नव्हतं मावशी. मी अळीचं बोलत होते.”

“व्हय की. तुमी अळीचंच बोलला.” झोळी करकरत राहिली. मग सिद्धम्माने विचारलं, “तिला कळतंय का, कोण हायती ती?”

“ते कुणालाच सांगता येत नाही.”

“मला कळतंय,” सिद्धम्मा म्हणाली.

तिने बाळाला खांद्यावर घेतलं, झाडाकडे आली आणि एका हाताने फांदी अलगद मोडून बुद्धप्रियाच्या डब्यात ठेवली. “न्या. पर तिला त्यांच्यापासनं तोडू नका.”

बुद्धप्रियाने फांदी तशीच प्रयोगशाळेतल्या बरणीत ठेवली. काही दिवसांनी कोशांची टोपणं उघडली. या खेपेला माद्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली नळी आखूड दिसली, पोटावरची पहिली पट्टी मागे निमुळती होत गेलेली. शंका उरली नाही. तिने माश्या टाचल्या, खाली चिठ्ठी लावून प्रजातीचं नाव लिहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, पण कुणाला फोन करावासा वाटेना.

बरणीतले कोश आता रिकामे होते. अळीची कातडी इतकी सैल पडली होती, की उजेड आरपार जात होता. तरी ती डावीकडून उजवीकडे झुलत होती.

वाऱ्याने हलत असेल, म्हणून बुद्धप्रियाने पंखा बंद केला. झुलणं थांबलं नाही. ती स्टूल ओढून बरणीसमोर बसून राहिली.