लालवाल्यांना टाळ्या

जुम्म्याची नमाज पढून जहूर घरी आला तेव्हा बिर्याणी अजून दमावरच होती, आणि टीव्हीवर पट्टेवाल्यांनी तीन गोल ठोकलेही होते.

पट्टेवाले हे नाव त्याच्या बायकोनं, नफिसानं ठेवलेलं. मेलबर्नला नोकरीला लागल्यापासून लेकीला, अफशांला, त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं असं वेड लागलं होतं की विचारू नका. चेंडू लांबट, मैदान अंड्यासारखं, आणि खेळाडू खुशाल एकमेकांच्या खांद्यावर चढतात! निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे ते आपले, बाकी सगळे परके. तिकडं शुक्रवारची रात्र, तेव्हा इथं दोह्यात सुट्टीची दुपार. ती मैत्रिणींबरोबर तिच्या टीव्हीसमोर, हे दोघं अल गराफातल्या आपल्या खोलीत टीव्हीसमोर, आणि मधे टॅबलेटवर व्हिडिओ कॉल. आठवड्याची लेकीची भेट ती एवढीच. त्यातही खेळ चालू असताना घरच्या गप्पा मारायच्या नाहीत, हा बाईसाहेबांचा कायदा.

नफिसानं टॅबलेट असा टेकवला होता की मागं फक्त खिडकीचा पडदा दिसावा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना खोके रचलेले होते. जहूरच्या कंपनीनं त्याला कायमचा निरोप दिला होता. महिनाअखेरीला इथलं सगळं खलास, मग दापोली. आणि लेकीला यातलं अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"आज सांगणार ना?" नफिसानं हळूच विचारलं.

"बघू."

हे 'बघू' ऐकून तिचे कान किटले होते. मागच्या शुक्रवारी पट्टेवाले हरले, तेव्हा म्हणे पोर आधीच नाराज आहे, आज नको. त्याआधीही हरले, तेव्हाही तेच. आज पट्टेवाले लालवाल्यांना नुसते धुवून काढत होते, तर हा माणूस म्हणतो कसा, "इतक्या दिवसांनी हसतेय गो ती. आज नको." म्हणजे हरले तरी नको, जिंकले तरी नको! आता काय बरोबरीची वाट बघत बसायचं? नफिसा थकली होती. खोके भरून नाही, हे लपवून थकली होती.

अफशांकडं खेळ जरा आधी दिसायचा. ती किंचाळली की समजायचं, गोल झाला. मग इथल्या टीव्हीवर पंच झेंडे फडकवायचा. आज ती सारखी किंचाळत होती. "अब्बा! पाहिलंत? अनबिलिव्हेबल!" जहूर हसत होता, टाळ्या पिटत होता. मधेच एका पट्टेवाल्याचा नेम चुकला, चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक गुण मिळाला. नफिसाला या खेळातलं तेवढंच आवडायचं. हुकलं तरी गुण! जहूरनं गोदामाच्या त्या कचेरीत उभा जन्म घालवला, कधी हुकला नाही, त्याला काय मिळालं? एक केक आणि सगळ्यांबरोबर फोटो.

तिची धास्ती वेगळीच होती. सामना एकतर्फी झाला की चारपैकी तिसरा क्वार्टर संपताच अफशां "खलास, जिंकलो!" म्हणून मैत्रिणींबरोबर जेवायला निघायची. चुरस असली तरच शेवटपर्यंत बसायची. आणि पुढच्या शुक्रवारी या खोलीत ना टीव्ही असणार होता, ना पडदा. म्हणून नफिसा मनातल्या मनात लालवाल्यांसाठी दुआ मागू लागली. या अल्ला, मेल्यांना दोन-चार गोल तरी करू दे. पण मेले ढिम्म!

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी एका लालवाल्यानं कसाबसा एक गोल केला.

"शाब्बास!" नफिसाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं टाळ्याही वाजवल्या.

क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला. मैत्रिणी उठल्या, तशी अफशां त्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." मग ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"अम्मी, तू लालवाल्यांना टाळ्या वाजवल्यास."

"चुकून गो."

"चुकून नाही. काय झालंय?" एरवी निम्मं इंग्रजी बोलणारी पोरगी, घाबरली की सगळं मराठीत बोलायची.

जहूर उगाच रिमोट शोधू लागला. नफिसानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "तुझ्या अब्बांची नोकरी गेली," ती म्हणाली. "आम्ही दापोलीला चाललो. कायमचे." आणि तिनं टॅबलेट उचलून खोक्यांकडं वळवला.

खेळ पुन्हा सुरू झाला, पट्टेवाल्यांनी आणखी एक गोल ठोकला, पण ना तिकडून कुणी किंचाळलं, ना इकडं कुणी टाळी वाजवली.

"मी डिसेंबरात येणार होते. तिथं, आपल्या घरी," अफशां म्हणाली.

"दापोलीला ये," नफिसा म्हणाली. "तेही आपलंच."

"पण तिकडं शुक्रवारी सुट्टी नसते ना अब्बा? मग माझ्याबरोबर मॅच कोण बघणार?"

जहूरला रिमोट सापडला होता. तो त्यानं नुसताच हातात धरला होता.

"सुट्टीचं काय घेऊन बसलीस गो," तो म्हणाला. "आता मला रोजचाच शुक्रवार."