दोरावरची मोकळी जागा

“माज्यापुढं कोन उभा हाय?” अर्नाळ्याहून आलेल्या हरेश्वरने दोर टाकला आणि तो मागे सरला.

पुढे कुणीच नव्हतं. पाचूबंदरच्या वाळूवर, पावसाळ्याआधी होडी वर ओढून घ्यायचं काम चाललं होतं. दोराला ओळीने माणसं लागली होती आणि मधे एका माणसापुरती जागा मोकळी. ती बेनेडिक्टची. तो काविळीने अंथरुणाला खिळला, तेव्हापासून त्याच्यासाठी राखलेली.

“अर्नाळ्याला भुतं नाय काय?” होडीचा तांडेल प्लासिड हसला. “नवा हायस, मुकाट ओढ.”

“हसू नको, तांडेल. दोर हाताला जडच लागत नाय. पुढचा सगळा भार घेतोय. घामाचा वास पन येतोय.”

एकेकाची मान त्या मोकळ्या जागेकडे वळली.

वर आपल्या घराच्या ओट्यावर बेनेडिक्ट बसून बघत होता. कावीळ कधीच उतरली होती, पण पाण्याची कळशी उचलताना मनगट थरथरायचं. डॉक्टरांनी या अशक्तपणाला काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. बंदरावर त्याला एकच शब्द होता, आणि तो बेनेडिक्टची बायको रोझलीन घरात कुणाला उच्चारू देत नव्हती. खंगला.

आजारी माणूस उद्या बरा होतो. म्हाताऱ्याचं बळ सावकाश, सांगून-सवरून जातं. खंगला म्हणजे ज्याच्या अंगातून अंगच उठून गेलं, नाव तेवढं मागे राहिलं. हा शब्द पाठीमागे बोलायचा, तोंडावर नाही. तोंडावर बोलला, की गेलेलं बळ परतीची वाट विसरतं. बोलला नाही, तोवर दोरावरची जागा त्याची.

प्लासिड ओट्याशी आला. “बेनू, चाय घेतली?”

“भरती लागली, आनि तू चाय इचारतोस?”

प्लासिड पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. “तो नवा घाबरलाय. जागा…”

“भरायची.”

“मी तसं बोललो नाय हां!”

रोझलीन दारात आली. “तांडेल, तो शब्द माज्या उंबऱ्यात नको. दोन घास जास्त जातात आता. अंग भरंल त्यांचं.”

“भाभी, मी काय वैरी हाय त्याचा?”

बेनेडिक्टचं लक्ष खाली होतं. माणसं दोर सोडून बिड्या पेटवत होती. तरीही मोकळ्या जागेपासून होडीपर्यंत दोर तारेसारखा ताठ होता. उतारावरची होडी तसूभरही हलत नव्हती.

रोझलीनने छातीवर क्रुसाची खूण केली.

“माजंच अंग बिचारं एकटं धरून उभं हाय,” बेनेडिक्ट हळूच म्हणाला. मग खांबाला धरून उठला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, “मी खंगलो रे! जागा भरा!”

दोर वाळूवर पडला. होडी सुर्रकन मागे घसरली. माणसं धावली, हरेश्वर मोकळ्या जागेत शिरला. प्लासिडने आरोळी चढवली:

“ओढा दादा, ओढा भाऊ,
लाडकीला माहेरी नेऊ!”

होडी वर आली.

सगळे पांगल्यावर बेनेडिक्ट एकटाच खाली उतरला. रोझलीन त्याच्यासोबत गेली नाही. ओट्यावरूनच बघत राहिली. हरेश्वरच्या रबरी चपलांच्या ठशांशेजारी दोन अनवाणी पावलं खोल रुतलेली होती. बेनेडिक्टने एकात पाय ठेवला. बोटाला बोट, टाचेला टाच मिळाली.

मग शेजारच्या ओल्या वाळूवर त्याने तोच पाय सगळा जोर लावून दाबला.

वाळू नुसती किंचित फिकी पडली, ठसा उठला नाही.