चौदा किलोचं लेकरू

तुम्ही काट्याला हात न लावता वजन लिहिलं. लेकरू समोर होतं, काटा समोर होता, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून आकडा टाकला. वर सही केली, शिक्का मारला. अहो, बैलाचं वयसुद्धा दात पाहिल्याशिवाय कोणी सांगत नाही, डॉक्टर.

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत सीमा हे सारं मनातल्या मनात घोकत बसली होती. मांडीवर तेरा महिन्यांचा शिवम, पिशवीत त्याचं लसीचं कार्ड. शाळेत तिने पोटदुखीची रजा टाकली होती आणि नवऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचा डॉक्टरला पाच वेळा जाब विचारून झाला होता आणि पाचही वेळा तिचा आवाज रडका झाला होता. सहाव्यांदा तो तसा होऊ द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

भांडण होतं गाडीतल्या लेकराच्या सीटवरून. ऐकणारा हसेल. हसू द्या.

शिवम झाला त्याच महिन्यात गजेंद्रने, म्हणजे सीमाच्या नवऱ्याने, गाडी घेतली. राहायला अकोल्यात जठारपेठेत, सासर अमरावतीला, त्यामुळे दर शनिवारी शंभरेक किलोमीटर जाणं आणि रविवारी तेवढंच येणं. शिवमची दीड महिन्याची लस होती तेव्हा अमरावतीच्या याच डॉक्टरने तिला विचारलं होतं, लेकराला गाडीत कसं आणता. मांडीवर, ती म्हणाली. मग त्याने तिला बाहेरचे पेशंट ताटकळत ठेवून झापलं. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. मोठं गोल डोकं, त्याखाली काडीएवढी मान. तोंड मागे करून बसवलं तर ब्रेक लागल्यावर सीटच त्याची पाठ, मान आणि डोकं एकसाथ झेलते. तोंड पुढे असलं तर पट्टा अंग धरतो आणि डोकं मोकळं सुटतं. मोठ्या माणसाचं सुटलं तर मान अवघडते. लेकराची मान अजून कच्ची असते, तिचं काय होईल हे सांगायला त्याने शब्द वापरले नाहीत. पेन त्या काडीवर आडवं फिरवलं.

"दोन वर्षं पुरी होऊ द्या. घाई करू नका. घरात कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा," तो म्हणाला होता.

तिने वर्षभर तेच केलं. तिची सासू सुभद्राबाई, जिला ती आत्याबाई म्हणायची, तिने ती सीट पहिल्यांदा पाहिली तेव्हाच कपाळाला हात लावला. "काहून वो, माह्या नातवाची धिंड काढून राहिली काय? गाढवावर उलटं बसवतेत तसं बसवलं लेकराले." सीमाने डॉक्टरचं नाव सांगितलं. सासरे जानराव हे गावचे पंधरा वर्षं सरपंच राहिलेले, आता मुक्काम अमरावतीला. सारे त्यांना भितात, सीमाही त्यांच्यासमोर मामाजी, मामाजी करत अर्धं वाक्य गिळते. ते गाडीत पुढे बसायचे आणि मान वळवून नातवाला पाहायला जायचे तर दिसायची नुसती सीटची पाठ. "मांगं नातू हाय का सोयाबीनचं पोतं हाय, तेही समजत नाही," ते म्हणायचे. खरं तर म्हाताऱ्याचं दुखणं तेवढंच होतं. त्याला नातवाचं तोंड पाहायचं होतं. सीमाला ते कळत होतं, वाईटही वाटत होतं, तरी ती डॉक्टरचंच नाव सांगायची. त्या घरात तीनच शब्द चालायचे, देवाचा, मामाजींचा आणि डॉक्टरचा. पहिले दोन तिच्या बाजूने कधी पडलेच नव्हते.

मग शिवमला वर्ष झालं आणि आत्याबाईंचा नवस फेडायची वेळ आली. नवस होता गूळतुलेचा, म्हणजे लेकराच्या वजनाइतका गूळ देवाला द्यायचा आणि गावात वाटायचा. गावच्या देवळात दोन पारड्यांचा जुना तराजू टांगला. एका पारड्यात शिवम, अंगात जरीचा सदरा, पायात चांदीचे वाळे, मांडीत नारळ. दुसऱ्यात गुळाच्या पाच-पाच किलोच्या दोन ढेपा. पारडी सारखी झाली. सीमाला वाटलं, झालं. पण आत्याबाई म्हणाल्या, देवाचं माप बरोबरीत ठेवत नसतात, झुकतं द्यावं लागते. उरली होती चार किलोची एक ढेप. कोणीतरी ती फोडायला निघाला तर बाया ओरडल्या, देवाले फुटकी ढेप देतं काय रे. मग ती सबंधच ठेवली. गुळाचं पारडं दाणकन खाली बसलं, शिवम वर गेला आणि खिदळला. जानरावांनी हात वर करून साऱ्या गावाला सांगितलं, "माहा नातू चौदा किलोचा भरला." टाळ्या झाल्या. सीमानेही वाजवल्या. गूळ वाटता वाटता तिचे हात चिकट झाले होते आणि ती खरोखर खुश होती.

पुढच्या आठवड्यात तिला शाळेत परीक्षेचं काम लागलं, म्हणून गजेंद्र शिवमला घेऊन एक दिवस आधी अमरावतीला गेला. शनिवारी सकाळी बाप, आजा आणि नातू असे तिघं जण लसीला गेले. संध्याकाळी सीमा पोचली तर अंगणातल्या गाडीत सीट पुढे तोंड करून बसवलेली. शिवम तिच्यात बसून टाळ्या पिटत होता आणि जानराव पुढच्या सीटवरून त्याला टाळी देत होते. ती काही बोलायच्या आत गजेंद्रने चिठ्ठी पुढे केली. सीट पुढे वळवण्यास हरकत नाही. खाली सही, शिक्का.

तिने ती चिठ्ठी तीनदा वाचली. अक्षर त्याचंच होतं. एवढ्यात कसं, तिने विचारलं. गजेंद्र म्हणाला, सीटच्या कागदावर तेरा किलोपर्यंतच उलटी लिहिलेली हाय, आपला तेराच्या वर गेला, डॉक्टरनं पाहूनच लिहिलं. वर्षभर ज्याच्या नावावर भांडली तोच आता पुरे म्हणत होता. खोटं कशाला सांगायचं, तिला हलकंही वाटलं. आपल्याच घरात रोज पहारा द्यायचा कंटाळा येतो माणसाला.

रविवारी परत येताना कुरणखेडच्या अलीकडे रोही आडवा आला. नीलगाय म्हणतात ना, तो. तुरीतून निघाला आणि सरळ रस्त्यावर. गजेंद्रने ब्रेक दाबला, गाडी थांबली, रोही निघून गेला. सीट जागची हलली नाही. पट्ट्यांनी शिवमची छाती धरून ठेवली आणि त्याचं डोकं पुढे फेकलं गेलं. हनुवटी छातीवर आपटली, डोकं मागे आलं. सीमा शेजारीच बसली होती. तिने ते फार जवळून पाहिलं.

तो बोरगाव मंजूपर्यंत रडला आणि मग झोपला. अकोल्यात रात्री दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. मान वळते, हातपाय हलवतो, काही नाही म्हणाले. काही नाही, हे दोन शब्द घरात मग नाण्यासारखे वाजले. गजेंद्र म्हणाला, "काही झालं काय? नाई झालं ना. मंग झालं तर." आत्याबाई फोनवर म्हणाल्या, गूळतुला केली म्हनून देवानं राखलं. जानराव म्हणाले, पाहा, सीट मजबूत हाय. ज्या गोष्टीने तिची झोप उडाली होती तीच त्यांनी पुरावा म्हणून तिच्यापुढे ठेवली.

तिने गाडीतून लसीचं कार्ड काढून आणलं. वजनाचा रकाना पाहिला. सहाव्या महिन्याला सात किलो दोनशे. नवव्याला आठ किलो चारशे. आणि शेवटच्या ओळीत, त्याच निळ्या शाईत, चौदा.

ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. हे चौदा कुठून आले ते तिला लगेच कळलं. जानरावांची चूक तिने तिथल्या तिथे माफ केली. देवळात मोजलेलं त्यांच्या लेखी खरंच असतं, देवाच्या तराजूवर शंका घ्यायची रीत त्यांच्याकडे नाही. पण दवाखाना काही देऊळ नव्हता.

रात्री तिने गजेंद्रला कार्ड दाखवलं. त्याने ओळ वाचली, जरा चपापला, मग आवाज चढवला. "मले काय सांगतं? डॉक्टरनं लिहून देलं ते डॉक्टरच्याच हातानं खोडून आन. मी तवाच फिरवतो सीट. बाबाले मी काय सांगू, माही बायको तुमाले खोटं म्हनते?" शनिवारी सगळ्यांना धारणीला जायचं होतं, त्याची बहीण तिथे आश्रमशाळेत मास्तरीण आहे. परतवाड्याच्या पुढे सारा घाट, एका बाजूला दरी, वळणावर समोरून जीप येते तेव्हाच दिसते. सीट अशीच असेल तर आपण येणार नाही, ती म्हणाली. "नको येऊ मंग. लेकरू येईन." तो कूस बदलून झोपला. गाडीची चावी त्याच्या पँटच्या खिशात होती आणि पँट खुंटीला. काढता आली असती. पण आज सीट फिरवली असती तर सकाळी त्याने परत फिरवली असती.

म्हणून गुरुवारी ती एसटीत होती. एसटीत ना पट्टा, ना सीट. लेकरू तिच्या दोन हातांच्या भरवशावर. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. लेकराची मान वाचवायला लेकराला असं न्यावं लागतं, याचाही राग तिने डॉक्टरच्याच खात्यात टाकला.

दवाखान्यात दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर हसून म्हणाला, या ताई, काय म्हणतो आमचा शिवम. ती बसली नाही. तिने लेकराचे कपडे काढले, वाळे काढले आणि त्याला कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवलं. आकडे फिरले आणि थांबले. नऊ किलो सातशे. मग तिने कार्ड उघडून टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

डॉक्टरने आधी काट्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग दाराकडे. त्याने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, गर्दी फार होती त्या दिवशी. जानरावजी म्हणाले परवाच मोजलं, चौदा भरला. आता त्यांचा आणि आपला वीस वर्षांचा घरोबा. वडीलधारा माणूस सांगतो, त्याच्या शब्दावर लगेच काटा कसा ठेवायचा?

"वर्षाचं लेकरू चौदा किलोचं असते?" तिने विचारलं. आवाज रडका नव्हता. शाळेतली भाषा मात्र तिच्या तोंडून गळून पडली होती.

"नसतं," तो म्हणाला. "मला कळलं होतं. पण ते म्हणाले, सुनेच्या हट्टापायी घरात रोज वाद आहे, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. मी विचार केला, एवढ्यावर घरात शांतता राहत असेल तर राहू द्यावी. तुमच्याच भल्याचं पाहिलं, ताई. आणि खूप लोक वर्षानंतर वळवतातच. काही झालं का त्याला?"

सीमाने शिवमला काट्यावरून उचलून खांद्याशी घेतलं. एसटीत घोकलेलं सगळं विसरलं होतं. तिला वाटलं होतं की हा माणूस चुकला असेल, घाई केली असेल, गाफील राहिला असेल. चुकीला माफी मागता येते. हा चुकलाच नव्हता. त्याने एका बाजूला तिचं लेकरू ठेवलं, दुसऱ्या बाजूला वीस वर्षांचा घरोबा, आणि हिशोबाने निर्णय घेतला. तिला हट्टी ठरवणाऱ्या कागदावर तिच्या बाजूच्या एकमेव माणसाने सही केली होती, तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी.

डॉक्टरने पेन काढलं, चौदा खोडलं, नऊ सातशे लिहिलं आणि कार्ड तिच्याकडे सरकवलं. झालं, म्हणाला.

"नाई झालं. हे मी घरी नेलं तर म्हनतीन, हिनं भांडून खोडून आनलं. मामाजीले फोन लावा. माह्यासमोर लावा, स्पीकरवर."

डॉक्टर हसायला गेला. आता पेशंट आहेत, तो म्हणाला, उद्या निवांत बोलतो त्यांच्याशी, समजावून सांगतो, म्हातारं माणूस आहे, दुखवायला नको. दारातून एका बाईने आत डोकावलं, तिच्या कडेवरचं लेकरू खोकत होतं. डॉक्टरने तिला या, या म्हणून हात केला. सीमा दारात जाऊन उभी राहिली. बाई बाहेरच थांबली.

"त्याहीले सांगा, म्या वजन केलंच नव्हतं. सांगा, खोटं हाय हे मले माहीत होतं. मंग सांगा, दोन वर्षं होईपर्यंत सीट मांगं तोंड करूनच ठेवा, सुनेचं बरोबर हाय. चार वाक्यं हायेत, डॉक्टर. परवा सकाळी सहा वाजता माहं लेकरू धारनीच्या घाटात जाऊन राहिलं. आता फोन लावून राहिले का नाई, तेवढं बोला."