दोघांचं आमेन

आमच्या घरातली प्रार्थना वर पोहोचत नव्हती आणि कोणीतरी ती मुद्दाम अडवत होतं, अशी माझी खात्रीच झाली होती. एकोणऐंशी साल. नाशकात शरणपूरच्या बाजूला चाळीत राहायचो. ह्यांच्या पोटात गाठ निघाली आणि दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. तेव्हा पाळकसाहेबांनी खाटेशेजारी बसून सांगितलं, की दोघं जण एकचित्त होऊन काहीही मागोत, प्रभूने ते द्यायचं कबूल केलंय. मी म्हटलं, दोघंच कशाला, मी अख्खी चाळ बसवते. दर शुक्रवारी घरी प्रार्थनासभा सुरू केली. चहा माझा, बिस्किटं माझी.

आणि हे दिवसेंदिवस वाळतच चालले.

मग चुकतंय कुठे? देव काही शब्द फिरवायचा नाही. म्हणजे बसणाऱ्यांतच कोणीतरी एकचित्त नाही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, की मी एक डोळा किलकिला करून एकेकाचं तोंड बघायला लागले.

पहिला संशय विमलाबाईवर. शेजारीण, नळावरून आमचं वाजलेलं. आमेन म्हणताना तिचा आवाजच फुटायचा नाही. एकदा जिन्यात गाठलं तिला. "माझ्या घरात बसून मनात काय ठेवतेस गं?"

ती काय खाली बघणारी? "मी तुझ्या नवऱ्यासाठी मागते," म्हणाली. "तुझ्यासाठी मागत असते, तर तुझा संशय खरा होता."

तोंडाळ बाई. पण खोटं बोलणारी नाही, हे मला माहीत होतं. तिला सोडलं.

मग केरूभाऊ. चर्चमध्ये गीतं गायचे, आवाज गोड, पण दर प्रार्थनेच्या शेवटी जोडायचे, "तरी प्रभू, तुझ्या मनात असेल तसं होवो." एका शुक्रवारी राहवलं नाही. "केरूभाऊ, हे शेपूट कोणी लावायला सांगितलं? मी तुम्हाला मागायला बोलावलंय, देवाला सूट द्यायला नाही."

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "फुलाबाई, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूने स्वतः बागेत असंच म्हटलं होतं."

"हो ना? मग पुढे काय झालं त्याचं?"

त्या दिवशी चहाला कोणी हात लावला नाही. पुढच्या शुक्रवारी कोणी फिरकलंही नाही. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. दोघंच पुरे असं सांगितलंय ना? ह्यांच्याइतकं एकचित्त मला दुसरं कोण मिळणार होतं? दुपारी दार लावलं, खाटेवर बसले आणि ह्यांचा हात हातात घेतला.

"अहो, आज आपण दोघंच. मी मागते, तुम्ही आमेन म्हणा."

ह्यांना उठव, जेवू घाल, पायावर चालव, सगळं नाव घेऊन घेऊन मागितलं आणि थांबले. आमेन येईना. वाटलं, झोप लागली. बघते तर टक्क जागे, माझ्याकडेच बघतायत.

"म्हणा की."

"फुला, मला खोटं आमेन म्हणता येत नाही."

"खोटं म्हणजे?"

"मी रोज दुसरंच मागतोय. मला ने, म्हणतोय त्याला. नाही सोसत आता."

असा राग आला मला. चाळभर चोर शोधत फिरले आणि चोर माझ्याच खाटेवर. "मला एकटीला टाकून जायचं मागता? तेही माझ्याच सभेत बसून?" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मग माझाही बांध फुटला.

जरा वेळाने म्हणाले, "मी मागतो, तू आमेन म्हणशील?"

"मेले तरी म्हणणार नाही."

"मग दोघांनाही चालेल असं काहीतरी माग."

मी बराच विचार केला. जगणं मागायचं नाही, मरणही नाही. शेवटी म्हटलं, "प्रभू, ह्यांचं दुखायचं थांबू दे." एवढंच. ह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघांनी एकदम आमेन म्हटलं. इतकं मनापासून मी लग्नातही काही बोलले नव्हते.

दुखणं थांबलं नाही. जाईपर्यंत हे उशी दातांत धरून कण्हत होते.

माती झाल्यावर पाळकसाहेब भेटायला आले. "बाई, विश्वासात आपलंच काही कमी पडलं, असं मनात आणू नका," म्हणाले.

"नाही आणत," मी म्हटलं. "आम्ही दोघं होतो, एकचित्त होतो आणि थोडंसंच मागितलं होतं. आता संशय घ्यायला एकच जण उरलाय."



चाळीला वाटलं, ही आता चर्च सोडणार. का म्हणून सोडू? दर रविवारी जाते, पुढच्या बाकावर बसते आणि त्याला विचारते, तेव्हा तू कुठे होतास. दुसऱ्या कोणाला विचारू?